८१ वर्षांनंतर कार्ताहिनेस : कोस्टारिकाच्या फुटबॉल लीगचा २०२१-२२ मोसम, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या लीगबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं जातं. मध्य अमेरिकेचा विषय निघाला की मात्र गप्पा विश्वचषकापाशीच थांबतात. मी कोस्टारिकाची लीग बरीच वर्षं बघतोय. २०२१-२२ चा मोसम संपल्यापासून भेटेल तो मला साधारण हेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून ठेवतो.

इतके मोसम असताना हाच का?

कारण या मोसमाच्या शेवटी, मे २०२२ मध्ये, कार्ताहिनेस हा क्लब राष्ट्रीय विजेता झाला. त्याआधीचं त्याचं विजेतेपद होतं १९४० सालचं. मधे गेली ८१ वर्षं.

हा काही कुठला तरी नवखा क्लब नाही. त्याची स्थापना १ जुलै १९०६ ची, म्हणजे देशात राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली (१९२१) त्याच्याही पंधरा वर्षं आधीची. १९२३, १९३६ आणि १९४० अशी तीन विजेतेपदं झाली आणि त्यानंतर पाटी कोरीच राहिली. १९४० मध्ये जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो २०२२ मध्ये ब्याण्णवचा झालेला. आजोबांनी नातवाला आणि त्या नातवाने आपल्या मुलाला ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत स्टेडियममध्ये नेलं, अशी घरं क्लबच्या कार्तागो शहरात गल्लोगल्ली आहेत. म्हणून हा मोसम.

एका मोसमात दोन विजेते कसे काय?

मोसमाचे दोन भाग असतात आणि दोन्ही स्वतंत्र स्पर्धा असतात. पहिली अपेर्तुरा, म्हणजे ‘उघडणारी’; ती जुलैच्या सुमारास सुरू होते आणि डिसेंबरात संपते. दुसरी क्लाउसुरा, म्हणजे ‘मिटणारी’. ती जानेवारी ते मे चालते. दोन्हींचे विजेते वेगळे धरले जातात आणि दोघांच्याही नावावर पूर्ण राष्ट्रीय विजेतेपद लागतं. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच देशांत हीच रीत आहे.

प्रत्येक स्पर्धेची तेव्हाची पद्धत सोपी होती. बारा संघ, प्रत्येकाशी एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा बाहेर, म्हणजे साखळीत २२ सामने. पहिले चार उपांत्य फेरीत जातात. उपांत्य आणि अंतिम लढती दोन-दोन सामन्यांच्या असतात.

मग ही ‘ग्रान फिनाल’ काय भानगड आहे? अंतिम सामना झाल्यावर पुन्हा अंतिम सामना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि नव्या प्रेक्षकाचा इथेच गोंधळ उडतो. मला स्वतःला हा नियम या लीगचा जीव वाटतो.

बाद फेरीच्या स्पर्धांबद्दल एक जुनी तक्रार असते. पाच महिने सातत्याने खेळून गुणतक्त्यात पहिला आलेला संघ एका वाईट आठवड्यात बाहेर फेकला जातो आणि चौथा आलेला संघ करंडक घेऊन जातो. युरोपातल्या लीगनी त्यावर बाद फेरीच नको असा तोडगा काढला. कोस्टारिकाचा तोडगा निराळा आहे. साखळीत पहिला आलेल्या संघाने बाद फेरीही जिंकली तर तो थेट विजेता. बाद फेरी दुसऱ्याने जिंकली तर मात्र साखळीतला पहिला आणि बाद फेरीतला विजेता पुन्हा समोरासमोर येतात, दोन सामन्यांत. तीच ग्रान फिनाल, आपण तिला महाअंतिम लढत म्हणू.

२०२२ च्या क्लाउसुरात नेमकं हेच झालं. साखळीत अव्वल होता अलाहुएलेन्से आणि बाद फेरी जिंकली कार्ताहिनेसने. कार्ताहिनेसच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही उपांत्य फेरी पार केलीत, अंतिम फेरी जिंकलीत, आणि तरीही हातात काहीच नाही. अजून एक डोंगर समोर उभा आहे, तोही साखळीत सगळ्यांच्या वर राहिलेल्या संघाचा. शिवाय परतीचा सामना साखळीतल्या अव्वल संघाच्या मैदानावर होतो, म्हणजे निकाल लागणार अलाहुएलातच. ८१ वर्षं वाट बघणाऱ्या क्लबला दैवाने शेवटची पायरीसुद्धा दुप्पट उंच करून दिली होती. त्यांनी ती चढली.

नावं वाचताच येत नाहीत. उच्चार कसे करायचे?

दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की निम्मं काम होतं. स्पॅनिशमध्ये ‘जे’ अक्षराचा उच्चार ह असा होतो आणि ‘एच’ बोललाच जात नाही. म्हणून सान होसे, हिकाराल, अलाहुएला. पण एरेदिया आणि एरेदियानो. कार्ताहिनेसमधला ‘जी’सुद्धा ‘इ’च्या आधी आला की ह होतो. बाकी अक्षरं आपण जशी वाचू तशी वाचा, तिथल्या माणसाला कळेल.

त्या मोसमात कोणकोणते संघ होते?

साप्रिसा, अलाहुएलेन्से, एरेदियानो, कार्ताहिनेस, सान कार्लोस, पेरेस सेलेदोन, सांतोस दे ग्वापिलेस, ग्रेसिया, ग्वादालुपे, स्पोर्टिंग, हिकाराल आणि ग्वानाकास्तेका. शेवटचा संघ त्याच मोसमात वरच्या श्रेणीत आला होता, कॅरिबियन किनाऱ्यावरच्या लिमोनची जागा घेऊन.

विजेतेपदांची वाटणी मात्र फार एकतर्फी आहे. या मोसमाला सुरुवात झाली तेव्हा साप्रिसाच्या नावावर ३६, अलाहुएलेन्सेच्या नावावर ३० आणि एरेदियानोच्या नावावर २८ होती. छोट्या संघांना संधी मिळतच नाही असंही नाही. २०१७ ची अपेर्तुरा पेरेस सेलेदोनने जिंकली, २०१९ ची क्लाउसुरा सान कार्लोसने, दोघांचंही ते पहिलंच विजेतेपद. कार्तागोच्या लोकांना तेच जास्त लागलं असणार. कालपरवा आलेले जिंकून गेले आणि आपण अजून रांगेतच.

मोठे क्लब एकमेकांच्या इतके जवळ आहेत हे खरं का?

हो, आणि नकाशा बघितल्याशिवाय या लीगची चुरस कळत नाही. देश ५१,१०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या एक षष्ठांशाइतका. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. त्यातले बहुतेक लोक मधल्या खोऱ्यात राहतात आणि चारही जुने क्लब तिथेच आहेत. राजधानी सान होसेला लागून तिबासमध्ये साप्रिसा, एका अंगाला एरेदिया, पुढे विमानतळाजवळ अलाहुएला, उलट्या दिशेला कार्तागो. राजधानीतून निघालात तर यातलं कुठलंही शहर दादर-ठाण्याहून फार लांब पडत नाही.

परिणाम असा की प्रतिस्पर्धी संघाचा माणूस तुमच्या कचेरीत शेजारच्या टेबलावर बसतो, कधी तुमच्याच घरात जेवतो. पाहुण्या संघाचे समर्थक सामन्याला बसने येतात आणि रात्री आपल्या घरी झोपतात. साप्रिसा विरुद्ध अलाहुएलेन्से हा ‘क्लासिको’ असला की देश अक्षरशः जांभळा आणि लाल-काळा असा दोन रंगांत वाटला जातो. साप्रिसाला ‘जांभळा राक्षस’ म्हणतात. अलाहुएलेन्सेला लोक नुसतं ‘ला लीगा’ म्हणतात, त्यामुळे तिथे कुणी ‘मी लीगाचा’ म्हणालं तर तो स्पेनबद्दल बोलत नसतो.

कार्तागो शहर कसं आहे?

१८२३ पर्यंत हीच कोस्टारिकाची राजधानी होती. मग तो मान सान होसेकडे गेला. जुनं, धार्मिक आणि काहीसं आपल्यातच रमणारं शहर. ३,४३२ मीटर उंचीच्या इरासू ज्वालामुखीच्या पायथ्याशी, साधारण आपल्या महाबळेश्वराइतक्या उंचीवर वसलेलं. संध्याकाळी डोंगरावरून धुकं उतरतं आणि कधीकधी मैदानावर येऊन बसतं. क्लबचं टोपणनावही त्यावरूनच पडलंय, ‘ब्रुमोसोस’, म्हणजे धुक्यातले. रंग निळा-पांढरा. मैदानाला जुन्या पिढीतल्या खेळाडूचं नाव आहे, होसे राफाएल ‘फेयो’ मेसा. लोक फक्त ‘फेयो मेसा’ म्हणतात.

शहराची दुसरी ओळख म्हणजे ‘देवदूतांची माता’ मेरी हिचं बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च. आत काळ्या दगडाची अगदी लहानशी मूर्ती आहे, लोक तिला प्रेमाने ‘ला नेग्रिता’ म्हणतात. २ ऑगस्टला तिचा सण असतो. त्यासाठी देशभरातून माणसं चालत येतात, सान होसेहून तर वीसेक किलोमीटर पायी. आषाढात पंढरपूरची वाट बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

तो शापाचा किस्सा खरा आहे का?

किस्सा असा सांगतात. १९४० चं विजेतेपद मिळाल्यावर जल्लोषात काही जण घोड्यावर बसून थेट बॅसिलिकात शिरले. धर्मगुरू संतापले आणि म्हणाले, मी जिवंत असेपर्यंत तुम्ही पुन्हा जिंकणार नाही. काही जण ‘जिवंत असेपर्यंत’ हे शब्द गाळून सांगतात. दुसरी कथा बाहुलीची. कुणीतरी क्लबचे कपडे घातलेली बाहुली मैदानात पुरली आणि ती सापडेपर्यंत सुटका नाही, असं लोक म्हणत. ‘एल मुन्येको’, म्हणजे ती बाहुली, हा शब्द कार्तागोत पराभवाचा समानार्थी होऊन बसला होता.

या गोष्टी पिढ्यानपिढ्या तोंडी आलेल्या आहेत आणि त्या तशाच ऐकाव्यात. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. इतकी वर्षं हरूनही या लोकांनी क्लब सोडला नाही. हरण्यासाठी एक कथा रचली आणि ती मुलांना सांगितली. ज्या क्लबवर कुणाचा जीवच नाही, त्याच्याभोवती दंतकथा तयार होत नाहीत.

इतकी वर्षं जिंकले नाहीत म्हणजे संघ कमकुवतच असणार ना?

मुळीच नाही, आणि हा गैरसमज मला मनापासून खोडायचा आहे. १९९४ च्या कॉन्काकॅफ चॅम्पियन्स कपमध्ये, म्हणजे उत्तर आणि मध्य अमेरिका व कॅरिबियनच्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, कार्ताहिनेस विजेता ठरला. अंतिम सामन्यात त्यांनी मेक्सिकोच्या आतलांतेला ३-२ असं हरवलं. देशात पहिलं येता येत नाही आणि खंडात पहिले, असा हा विचित्र योग.

घरच्या स्पर्धेतही ते अनेकदा दारापर्यंत पोचले. २०१३ ची जखम सगळ्यात खोल. एरेदियानोविरुद्धची ती अंतिम लढत पेनल्टी शूटआउटपर्यंत गेली आणि तिथे हातची गेली. २०२२ मध्ये कार्तागोचा प्रत्येक माणूस शेवटची शिट्टी वाजेपर्यंत ‘जिंकलो’ हा शब्द तोंडातून काढत नव्हता, त्यामागे ती रात्र होती.

अखेर ते जिंकले कुणाच्या जोरावर?

प्रशिक्षक होते हेइनेर सेगुरा. परदेशातून आणलेलं मोठं नाव नव्हे, याच मातीतला माणूस. पुढे आक्रमणात होता क्यूबाचा मार्सेल एर्नांदेस. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कार्ताहिनेसकडून भरपूर गोल करून तो नावारूपाला आला, मग अलाहुएलेन्सेकडे गेला आणि तिथून पुन्हा कार्तागोला परतला. महाअंतिम लढतीत समोर तोच जुना क्लब. गोलात केव्हिन ब्रिसेन्यो.

समोरचा अलाहुएलेन्सेचा संघ नावांनी भारी होता. २०१४ च्या विश्वचषकात कोस्टारिकाला उपांत्यपूर्व फेरीत नेणाऱ्या संघाचा कर्णधार ब्रायन रुईस आणि त्याच संघातला सेल्सो बोर्हेस, दोघेही परदेशातून परतून इथे खेळत होते. ज्या मैदानावर सगळं ठरलं त्याला नाव आहे आलेहान्द्रो मोरेरा सोतो यांचं; १९३० च्या दशकात बार्सिलोनाकडून खेळलेला हा अलाहुएलाचा मुलगा.

मेच्या त्या शेवटच्या आठवड्यात तिथे रात्र होती आणि आपल्याकडे सकाळ. मी डबा भरून तयार होतो, बूट घातलेले, आणि दारातच फोन हातात धरून उभा राहिलो. शेवटची शिट्टी झाली तेव्हा समालोचकाचा आवाज फुटला आणि मला स्पॅनिशमधला एकही शब्द कळेना. फक्त ‘ओचेंता इ उन आन्योस’ एवढं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. एक्याऐंशी वर्षं. त्या दिवशीची माझी लोकल चुकली.

आणि त्याच मोसमातली अपेर्तुरा कुणी जिंकली?

एरेदियानोने, डिसेंबर २०२१ मध्ये, हेआउस्तिन काम्पोस यांच्या मार्गदर्शनाखाली. त्यांचं ते २९ वं विजेतेपद. १९२१ ची पहिलीवहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेला क्लबही हाच.

खालच्या श्रेणीत कोण गेलं?

हिकाराल. विजेते वर्षात दोन, पण घसरण एकाचीच, आणि ती ठरते दोन्ही स्पर्धांचे गुण एकत्र धरून. म्हणजे अपेर्तुरात केलेल्या चुकीची किंमत क्लाउसुरात मोजावी लागते. हिकाराल हा निकोया द्वीपकल्पावरच्या लहानशा गावाचा क्लब; त्याचं वर टिकून राहणंच कौतुकाचं होतं, म्हणून वाईट वाटलं. त्याच्या जागी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बंदराचा पुंतारेनास आला.

अपेर्तुराला पूर्वी ‘हिवाळी’ म्हणत असं वाचलं. जुलैत हिवाळा कसा?

खूप चांगला प्रश्न. काही वर्षांपूर्वीपर्यंत स्पर्धांची नावं ‘इन्व्हिएर्नो’ आणि ‘वेरानो’ अशी होती, शब्दशः हिवाळा आणि उन्हाळा. पण कोस्टारिकात चार ऋतू नाहीत. मे ते नोव्हेंबर पाऊस, त्याला ते इन्व्हिएर्नो म्हणतात; डिसेंबर ते एप्रिल कोरडं, ते वेरानो. म्हणून ‘हिवाळी स्पर्धा’ म्हणजे खरं तर पावसाळी स्पर्धा. दुपारनंतर आभाळ फाटल्यासारखा पाऊस येतो, चेंडू पाण्यात अडतो, बचावपटू घसरून येतो. पावसात फुटबॉल खेळत मोठं झालेल्या कोकणी आणि गोवेकर माणसाला अपेर्तुरा जास्त जवळची वाटेल, मला तशीच वाटते.

लीगमधल्या खेळाडूंचा पुढे काही उपयोग झाला का?

लीग संपल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १४ जून २०२२ ला, कोस्टारिकाने दोहा परिसरात न्यूझीलंडला १-० असं हरवून कतार विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. गोल जोएल कॅम्पबेलचा, तिसऱ्याच मिनिटाला. त्याला डावीकडून चेंडू पुरवला हेविसन बेनेटने, जो तेव्हा एरेदियानोचा होता आणि अठरा वर्षं पुरी व्हायला त्याला एक दिवस बाकी होता. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या संडरलँडने त्याला घेतलं. नोव्हेंबरात प्रत्यक्ष विश्वचषकात स्पेनकडून ०-७ असा मार खाल्ल्यावर जपानला १-० हरवलं, तो गोल केशर फुलेरचा, तोही एरेदियानोचा.

महाराष्ट्राशी किंवा भारताशी या लीगचं काही नातं आहे का?

आहे, आणि अगदी थेट. मुंबई सिटी एफसीला २०१६ मध्ये इंडियन सुपर लीगच्या साखळीत पहिल्या स्थानावर नेणारे प्रशिक्षक आलेक्सांद्रे गिमाराइस आठवतात का? अंधेरीच्या मैदानाच्या कडेला उभे असणारे. ते जन्माने ब्राझीलचे, पण माणूस कोस्टारिकाचा. साप्रिसाकडून खेळले, १९९० च्या विश्वचषकात कोस्टारिकाकडून उतरले, २००२ आणि २००६ च्या विश्वचषकांत त्या संघाचे प्रशिक्षक होते. वर उल्लेख आलेला सेल्सो बोर्हेस त्यांचा मुलगा. पुढे २०२४ मध्ये गिमाराइस स्वतः अलाहुएलेन्सेचे प्रशिक्षक झाले.

एफसी पुणे सिटीकडून २०१५ मध्ये खेळलेला येन्ड्रिक रुईस याच लीगमधला. दोन विश्वचषक खेळलेला बचावपटू जॉनी अकोस्ता २०१८ मध्ये ईस्ट बंगालला आला. आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोस्टारिकाची मुलं आपले तीनही सामने गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर खेळली.

पुढच्या मोसमांत काय झालं?

साप्रिसाने सलग चार स्पर्धा जिंकल्या, २०२२ च्या अपेर्तुरापासून २०२४ च्या क्लाउसुरापर्यंत, आणि ४० चा आकडा गाठला. जुनी वतनदारी परत आली म्हणा.

मला बघायला सुरुवात करायची आहे. वेळा कशा जमवायच्या?

भारत कोस्टारिकाच्या साडेअकरा तास पुढे आहे आणि तिथे घड्याळं मागे-पुढे करत नाहीत, त्यामुळे हिशेब वर्षभर तोच. त्यांच्याकडे शनिवारी रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसातला. युरोपासाठी रात्री जागणाऱ्यांना ही चैनच आहे. चहा, पोहे आणि सामना. जुलैत अपेर्तुरा सुरू होते तेव्हा सुरुवात करा आणि पहिला सामना फेयो मेसावरचा निवडा. संध्याकाळचा असेल तर दुसऱ्या अर्धात कॅमेऱ्यावर पांढरं काहीतरी पसरायला लागेल. तुमच्या फोनची स्क्रीन पुसू नका, ते धुकं आहे.